आमची वाटचाल : रात्री घुमणारा ट्रान्सफॉर्मर

मिरजेतलं आमचं वाइंडिंगचं, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे भरून द्यायचं, दुकान अण्णांनी १९८७ साली सुरू केलं. काम म्हणजे उसाच्या मळ्यांवरच्या जळालेल्या मोटारी. पुढे घरोघर टीव्ही-फ्रिज आले तसे आम्ही स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर भरायला लागलो. नवे टीव्ही कमी-जास्त व्होल्टेजवर बिनतक्रार चालू लागल्यावर तेही काम आटलं. मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. उधारी मात्र बरीच होती.

२०११ च्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी रिक्षातून व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. व्हॉल्व्ह म्हणजे दोन ईएल ८४, पुढे ईसीसी ८३, आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ईझेड ८१. व्हॉल्व्हवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप. पॉवर ट्रान्सफॉर्मर जळालेला होता. चार दिवसांत नवा भरून दिला. दुकानात लावून पाहिला, आवाज स्वच्छ. गुरुजी खूश, मीही खूश.

आठवड्यानं गुरुजी दारात. "अरे, रात्री घुमतंय ते. रेकॉर्ड संपली की नुसती घूंऽऽ."

मी लावून पाहिलं तर चिडीचूप. तरी बोल्ट आवळून दिले. पुन्हा आले. या वेळी ट्रान्सफॉर्मर काढून तापवला, बुडबुडे थांबेपर्यंत वार्निशमध्ये बुडवून ठेवला आणि भट्टीत वाळवला. लोखंडी गाभ्याच्या सुट्या पट्ट्या थरथरत असतील तर यानं हमखास फरक पडतो. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला त्यांच्या कानांचीच शंका यायला लागली होती.

शेवटी रात्री दहा वाजता त्यांच्या घरी गेलो. सोबत शेजारचे तंबोरे बनवणारे काका होते. मिरजेत असं शेजारपण फुकट मिळतं. माझा संशय फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगवर होता. काकांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस तो खर्ज नाही हा. त्याच्या वरचा सा आहे." काकांना हर्ट्झ ठाऊक नाहीत, पण बरोबर तेच सांगत होते. फिलामेंटमधून शिरणारी घरघर ५० हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मरची पट्टी मात्र विजेच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणते-आखडते, म्हणून तिचा आवाज १०० चा. अडचण एवढीच की ईझेड ८१ च्या पुढचे डीसी सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर वाळले असले तरी स्पीकरमधून १०० चीच घरघर येते.

म्हणून स्विच बंद केला. आवाज तत्क्षणी गेला. पण वीज गेली की स्पीकरमधली घरघरही तशीच थांबते, त्यामुळे यावरून काही ठरेना. मग कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टर लावून उतरवला (तिथे तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहतात), ईझेड ८१ उपसला आणि परत चालू केलं. एचटीचा (व्हॉल्व्हना लागणाऱ्या चढ्या डीसी व्होल्टेजचा) भार गेला तरी घुमणं तसंच. लाकडी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ट्रान्सफॉर्मरला आणि मूठ कानाला लावली, तर आतून भुंग्यासारखं. मग मीटर प्लगमध्ये घातला : २५८ व्होल्ट.

दुकानात मी डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) २३० वर ठेवून तपासत होतो. त्यांच्या फीडरवर (भागाला वीज देणाऱ्या लाइनवर) रात्री पंप बंद झाले, गिरण्या बंद झाल्या की व्होल्टेज चढायचं.

पण खोट फीडरची नव्हती, माझी होती. घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न : "किती वेढे घातलेस व्होल्टला?" मी म्हटलं, तीन. ते काहीच बोलले नाहीत. स्टॅबिलायझरच्या धंद्यात तांबं वाचवायची जी खोड लागली होती ती इथे बाहेर आली. ५० हर्ट्झला ४५ भागिले गाभ्याचं चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ, एवढे वेढे व्होल्टमागे घातले की पट्टीत एक टेस्ला चुंबकत्व राहतं. माझा गाभा १० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे साडेचार वेढे हवे होते. तिनावर मी २३० ला दीड टेस्लापर्यंत गेलो होतो; २५८ ला पावणेदोनच्या घरात. तिथे पट्टी तृप्त होते, म्हणजे आणखी चुंबकत्व घेत नाही, करंट उसळतो, आणि मग बोल्ट आवळा नाहीतर वार्निशमध्ये बुडवा, ती गाणारच. स्टॅबिलायझर घुमला तर कुणी तक्रार करत नाही. शांत खोलीत मध्य लयीची रेकॉर्ड ऐकणारा माणूस करतो.

पट्ट्यांचा गठ्ठा वाढवून गाभा १३ चा केला, बॉबिन बदललं, प्रायमरीला (मेन्सकडच्या गुंडाळीला) ६९० च्या जागी ७९६ वेढे घातले. वजन वाढलं, चेसिसला नवी भोकं पाडावी लागली. गुरुजींकडून जादा पैसे घेतले नाहीत. तीन फेऱ्यांचं रिक्षाभाडंच त्यांना बरंच पडलं होतं.

त्यांच्या ओळखीतून पुण्याची, मग गोव्याची कामं आली आणि मोटारी हळूहळू मागे पडल्या. गोव्याच्या एका गिटारवाल्याचा अमेरिकी अ‍ॅम्प घुमायचा आणि हात लावू नये इतका तापायचा. त्यानं स्टेपडाउन लावला होता, पण स्टेपडाउन व्होल्ट उतरवतो, ६० हर्ट्झसाठी भरलेल्या गाभ्याला ५० हर्ट्झवर वीस टक्के जास्त चुंबकत्व सोसावं लागतं ते तसंच राहतं. तो २३० साठी नव्यानं भरून दिला. पुण्याचा एक टोरॉइड (कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर) मात्र सकाळी नऊच्या सुमारासच गुरगुरायचा. फोनवरच विचारत गेलो तेव्हा कळलं, शेजारी हेअर ड्रायर अर्ध्यावर चालतो. अर्ध्यावर तो एका डायोडमधून अर्धीच लहर खेचतो, लाइनीत थोडा डीसी उतरतो, आणि फट नसलेला टोरॉइड तेवढ्यानंही तृप्त होतो. त्यांना ब्रिज आणि दोन कपॅसिटरचा छोटा डबा करून पाठवला. रिवाइंडिंगचे पैसे बुडाले, हे खोटं कशाला बोलू.

आता आमच्याकडून जाणारा प्रत्येक पॉवर ट्रान्सफॉर्मर २६० व्होल्टवर रात्रभर चालतो. सकाळी काका येऊन कान लावतात, चहा घेतात, जातात. पार्सलवाला वजनावरून कुरकुर करतो.

सध्या टेबलावर ईएल ३४ चा एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) आहे. स्पीकर काढून त्या जागी डमी लोड (नुसता रेझिस्टर) लावला तरी तोच गाणं म्हणतो, तेही फक्त खालच्या सुरांवर. वार्निश एकदा झालंय. उद्या क्लॅम्प काढून पट्ट्या मोजणार आहे.