खाँसाहेबांचं गाणं

३० जुलै

आज गायकनट वसंतराव देशपांडे यांची पुण्यतिथी. १९८३ साली आजच्याच तारखेला पुण्यात ते गेले. वय अवघं ६३.

सकाळपासून 'कट्यार काळजात घुसली'मधली त्यांची पदं लावली आहेत. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, डिसेंबर १९६७ मध्ये 'नाट्यसंपदा' या संस्थेनं रंगमंचावर आणलं. राजगवई पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, त्यांचा शिष्य सदाशिव झाले प्रसाद सावकार, खाँसाहेबांची मुलगी झरीना फैय्याज, आणि पंडितजींचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. लष्करी हिशेबखात्यातली नोकरी नुकती कुठे मागे पडली होती. हाडाचा नट म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं, ओळखत होते ते गवई म्हणून. आणि गवयानं गवयाची भूमिका करायची म्हणजे सोपंच की, असं वाटतं. उलट आहे. गवई रंगमंचावर स्वतःचंच गाणं गाऊन मोकळा होतो, टाळ्या घेतो, आणि पात्र तेवढा वेळ विंगेत जाऊन बसतं. वसंतरावांच्या बाबतीत हे झालं नाही. त्यांच्या तानेत (झपाट्यानं घेतलेल्या सुरांच्या सरीत) आफताब हुसेनची ईर्ष्या ऐकू येते, वर्षानुवर्षं डावललं गेल्याची कडवट धग ऐकू येते. मला त्यांचं जे अपार कौतुक आहे ते याचं.

जुन्या संगीत नाटकात पद हे बहुधा संवादाच्या जागी येतं. किर्लोस्करांचं नाटक 'सौभद्र' १८८२चं. त्यातली माणसं मनातलं बोलायचं तिथे गातात, आपण ते बोलणं म्हणूनच ऐकतो. 'कट्यार'मध्ये माणसं गातात कारण ती गाणारी माणसं आहेत. इथे गाणं हीच घटना आहे. कोण कसं गातो यावर कोण जिंकतो, कोण घर सोडतो हे ठरतं. म्हणून इथे 'पुरेसं चांगलं' गाऊन भागत नाही. खाँसाहेबांचं गाणं पंडितजींच्या गाण्यापेक्षा वेगळं आहे, धारदार आहे, आणि तरीही त्यात काहीतरी राहून गेलंय, हे प्रेक्षकाला कानांनी कळलं पाहिजे. नाही कळलं तर सगळं कथानक लटकं पडतं.

वसंतरावांच्या गळ्यात हे येण्याइतक्या वाटा जमा झाल्या होत्या. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा राग, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. आणि या सगळ्यांच्या वर मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा ठसा: अचानक उसळी, सुरावर चाल करून जाणं, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सरळ रस्त्यानं न येता आडवाटेनं अवचित उतरणं. एकाच घराण्याची शिस्त पाळणाऱ्यांना हे गाणं बेशिस्त वाटायचं. आफताब हुसेनला नेमकं तेच गाणं हवं होतं.

३१ जुलै

कालचं अर्धवट राहिलं. 'घेई छंद'बद्दल लिहायचं होतं.

हे पद नाटकात दोन चालींत आहे. खाँसाहेबांचं सालगवराळी या क्वचितच गायल्या जाणाऱ्या रागात, सदाशिवचं धानी रागात. शब्द तेच, माणूस बदलला की गाणं बदलतं. शब्दांकडे नीट पाहिलं तर दारव्हेकरांची करामत दिसते. छंद, मकरंद, मिलिंद, स्वच्छंद, धुंद. प्रत्येक शब्दाच्या शेवटी अनुस्वार आणि 'द'. गाणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी अडचण आहे. तान 'आ'कारात मोकळी धावते, 'द' आला की जीभ दातांना टेकते आणि वाट बंद. नवखा गायक इथे दोनांपैकी एक चूक करतो. एक तर 'द' गिळून टाकतो, मग 'मकरंऽऽ' एवढंच ऐकू येतं आणि शब्द मरतो. नाही तर प्रत्येक 'द'वर ठोका देतो, आणि चाल घण मारल्यासारखी वाजायला लागते. वसंतराव अनुस्वारावर क्षणभर रेंगाळतात, आवाज नाकातून घुमतो, आणि 'द' नुसता स्पर्श करून पुढच्या शब्दाला जागा देतो. घुमतो कसा? भुंग्यासारखा. पद भुंग्याचंच आहे. अर्थ असा उच्चारातूनच उभा केल्यावर हावभावांची वेगळी गरज कुठे उरते?

बोलण्यातून गाण्यात जाण्याचं त्यांचं कौशल्यही याच जातीचं. संगीत नाटकात हा सांधा सगळ्यात नाजूक असतो. ऑर्गनवाला, म्हणजे पायपेटी वाजवणारा साथीदार, संवादाच्या शेवटच्या शब्दाकडे कान लावून बसलेला असतो. त्यानं सूर लवकर दिला तर प्रेक्षकांना कळतं की आता पद येणार, आणि उरलेला संवाद कुणी ऐकत नाही. उशिरा दिला तर नटाला हवेत सूर शोधावा लागतो. चांगला गायकनट शेवटचं वाक्य बोलतानाच आवाज षड्जाच्या ('सा'च्या) आसपास आणून ठेवतो. वाक्य संपतं तेव्हा अर्धं गाणं सुरू झालेलं असतं. यासाठी बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज एकाच पोताचा लागतो. पुष्कळ गायकांचा नसतो: बोलतात घोगरं आणि गाताना आवाज 'लावतात'. वसंतरावांचा तसा नव्हता. खाँसाहेबांची ती उर्दू वळणाची बोली आणि तान, दोन्ही एकाच गळ्यातून, एकाच जागेवरून येतात.

१ ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव नाही. असल्या हवेत संगीत नाटकाच्या वादकांचे काय हाल होतात ते इथे टिपून ठेवतो, कारण गाणाऱ्याच्या यशातला हा वाटा कुणी मोजत नाही.

दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओल धरते, सैल होते, सूर उतरतो. पडदा उघडला आणि दिव्यांची धग लागली की तीच पुडी ताणते आणि सूर चढतो. ऑर्गनचे सूर त्यामानानं जागचे हलत नाहीत. म्हणजे तिसऱ्या घंटेआधी तंतोतंत लावलेला तबला पहिल्या अंकाच्या मध्यावर ऑर्गनशी भांडायला लागतो. जाणता तबलजी पदांच्या मधल्या संवादात हातोडीचे दोन हलके ठोके देऊन घेतो, तेही प्रेक्षक हसत असतील तेव्हा. गाण्याची पट्टी पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात. पुरुष काळी एकमध्ये गाणारा, बाई काळी चारमध्ये, म्हणून किमान दोन तबले जवळ लागतात. काळी एकचा पंचम ('प') म्हणजेच काळी चार, हा एक दिलासा. एकाचा पंचम तो दुसरीचा षड्ज, त्यामुळे एकाच्या पदातून दुसरीच्या पदात जाताना कानाला धक्का बसत नाही. ही सोय मोडून कुणी अर्धी पट्टी खालीवर केली की सगळं वाद्यमेळाचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

मायक्रोफोनचं वेगळंच शास्त्र. त्या काळी रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या तीनचार माइकांवर सगळी भिस्त असे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. म्हणजे माइकपासून दोन फुटांवर उभा असलेला नट चार फुटांवर गेला, तर ध्वनिव्यवस्थेवाल्यानं हात लावायच्या आतच पद निम्मं हरवलेलं असतं. आणि तोंड बाजूला वळवलं की आधी 'स', 'श', 'च' जातात, स्वर मागे राहतात, म्हणून चाल ऐकू येते पण शब्द कळत नाहीत. सवयीचा गायकनट अस्ताईचे (पदाच्या पहिल्या भागाचे) शब्द माइकजवळ म्हणतो आणि तारसप्तकात (वरच्या सुरांत) तान घेताना एक पाऊल मागे सरतो. ते मागे सरणं पात्राच्या मनाशी जुळलं पाहिजे, नाहीतर कवायत वाटते. खाँसाहेबांसारख्या ताठ माणसाला हे जास्तच सांभाळावं लागतं, तो उगीच मागेपुढे करणाऱ्यांतला नाही.

आता कॉलरला माइक लागतात. पावलांची चिंता मिटली, पण खऱ्या जोराचा आणि नुसत्या मोठ्या आवाजाचा फरकही पुसट झाला. सूर दूरच्या रांगेपर्यंत फेकायचा म्हणजे छाती, टाळू आणि श्वास यांचा एक मेळ लागतो. तो मेळ असलेला आवाज हळू गायला तरी शेवटच्या रांगेत पोचतो.

३ ऑगस्ट

'तेजोनिधी लोहगोल'.

'कट्यार'मधलंच, उगवत्या सूर्याला उद्देशून म्हटलेलं पद, ललत-पंचम रागाच्या वळणाचं. ललत अंगाची खरी परीक्षा दोन मध्यमांत ('म'च्या दोन रूपांत) असते: शुद्ध आणि तीव्र, एकाला लागून एक. कोमल ऋषभ ('रे') आणि कोमल धैवत ('ध') त्यांना धरून असतात. घसरण कुठे होते? जोर लावून गाताना शुद्ध मध्यम वर सरकतो, आणि तीव्रावर पोचेपर्यंत दम संपल्यानं तीव्र खाली बसतो. दोघांतलं अंतर बुजतं, आणि राग गढूळ होतो. ऑर्गनच्या पट्ट्यांचे सूर ठरलेले, त्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही. म्हणून गायक कोमल ऋषभावर आंदोलन (सुराला हलका झोका) घेत असेल तेव्हा शहाणा ऑर्गनवाला त्या पट्टीवरून बोट उचलतो आणि नुसता षड्ज धरून ठेवतो. सूर न देणं ही सुद्धा साथच आहे.

आता शब्द. तेजो, लोह, गोल: 'ए' आणि 'ओ' यांची रांग. हे स्वर तोंड पुरतं उघडू देत नाहीत, 'आ'सारखे फैलावत नाहीत. पण त्यांना गोलाई आणि वजन असतं. वसंतराव त्या गोलाईचा फायदा घेतात. आवाज जबड्यातून न सोडता टाळूला भिडवतात, त्यामुळे पद तापलेल्या धातूसारखं लखलखतं. याच पदाची नक्कल करणारे सर्रास 'लो'चा 'लॉ' करतात, कारण तोंड मोठं उघडलं की आवाज मोठा येईल असं त्यांना वाटतं. आवाज येतोही, तेज मात्र जातं.

मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या नाट्यपदांत हे पहिलं. 'घेई छंद' अधिक लाडकं आहे हे ठाऊक आहे. पण एका पदात एवढा सूर्य उभा करणारा गळा दुसरा ऐकला नाही.

४ ऑगस्ट

'सुरत पिया की' ही 'कट्यार'मधलीच रागमाला. एका रागातून दुसऱ्यात असं अलगद शिरायचं की ऐकणाऱ्याला दार दिसू नये. दार म्हणजे दोन्ही रागांना समान असलेला सूर. सोपं उदाहरण घेतो. मालकंसात कोमल गंधार ('ग'), शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद ('नि'). यातला फक्त निषाद शुद्ध केला की चंद्रकंस. बदल एका सुराचा, पण तो कुठे करायचा याला महत्त्व. मध्यमावर पुरेसं थांबून, कान तिथे स्थिर झाला की मग षड्जाकडे जाताना नवा निषाद दाखवायचा. घाईनं तानेच्या मधेच दाखवला तर ती चूक वाटते. इथे साथीदाराची बोटंही दगा देतात. मागच्या रागाची सवय झालेली असते, नको ती पट्टी दाबली जाते, आणि गायकाचा शुद्ध निषाद व ऑर्गनचा कोमल निषाद एकदम वाजतात. म्हणून तालमीत राग बदलण्याच्या जागा शब्दांवर खुणा करून ठरवतात.

मैफलीत वसंतराव ही पदं खुलवत न्यायचे. तबकडीला वेळेची मर्यादा, रंगमंचावर कथानकाची. मैफलीत दोन्ही नाहीत, म्हणून तिथली ऐट वेगळी. तरी मला रंगमंचाच्या मापातलं गाणं जास्त मोठं वाटतं. पाच मिनिटांत जे सांगायचं ते सांगून पुढच्या संवादाला जागा द्यायची, हा संयम त्यांच्यासारख्या उधळ्या गळ्याच्या माणसानं दाखवला. त्यात 'वन्स मोअर'चं संकट. पुन्हा म्हटलं की लय हटकून चढते, आणि आधी तापवलेला प्रसंग निवतो. तबलजीनं दुसऱ्या वेळी पहिला ठेका मुद्दाम किंचित बसका धरला तरच पद मूळ जागी राहतं.

५ ऑगस्ट

वसंतरावांची तान समजून घ्यायची असेल तर ती अर्ध्या गतीनं ऐकावी. आता कोणत्याही फोनवर हे करता येतं, सूर न उतरवता.

आधी हिशेब. तीनतालाची लय मिनिटाला २४० मात्रांची धरली तर १६ मात्रांचं आवर्तन (तालाची एक फेरी) चार सेकंदांत संपतं. मात्रेला दोन सूर म्हणजे सेकंदाला आठ. दोन आवर्तनांची तान म्हणजे आठ सेकंदांत ६४ सूर. या वेगात कान सूर मोजत नाही, आकार ऐकतो. गती निम्मी केली की दाणे सुटे होतात. कागदावर चारचारच्या गटांत ते लिहावेत आणि जिथे जोर पडलाय त्याखाली रेघ मारावी. साधारण गायकाच्या तानेत रेघा दर चौथ्या सुराखाली येतात, कुंपणाच्या खांबांसारख्या. वसंतरावांच्या रेघा सरकतात: कधी तिसऱ्यावर, कधी पाचव्यावर, मधेच लागोपाठ दोन. म्हणूनच सम कुठून येणार याचा अंदाज लागत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. एका दमातली वाटणारी लांब तान बरेचदा एका दमातली नसते. गायक वरून खाली वळताना, जोर पडून गेल्यावरच्या सुरात, नाकातून चोरून श्वास घेतो. तो सूर इतरांपेक्षा थोडा तोकडा येतो. अर्ध्या गतीत तोकडा सूर सापडला की श्वासाची जागा सापडली. शिकणाऱ्यानं सुरांआधी ह्या जागा पाठ कराव्यात. सूर बरोबर आणि श्वास चुकीच्या ठिकाणी, अशी तान शेवटच्या चार मात्रांत पडतेच.

नाटकातला सदाशिव खाँसाहेबांचं गाणं असंच चोरून ऐकत शिकतो. त्याच्याकडे गती कमी करायची सोय नव्हती. 'घेई छंद'चा पहिला अंतरा आज सहा वेळा अर्ध्या गतीनं ऐकला, चार ओळींच्या रेघा मारून झाल्या. उरलेलं उद्या.