धूर काही लहान होत नाही

आमच्या घरातली चहाची गाळणी दोन वर्षांत तीनदा बदलली. पहिलीतून मी वाळू चाळली, दुसरीतून लाकडाचा भुसा. तिसरी कुठे ठेवलेली असते ते मला सांगितलं जात नाही.

कारण मागच्या खोलीत सहा फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर पसरलेली बार्शी लाईट, म्हणजे त्या जुन्या छोट्या रेल्वेचं मी करत असलेलं मॉडेल. माझं आजोळ बार्शीचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून मोठ्या गाडीने कुर्डुवाडीला यायचं, आणि तिथे ट्रंक, वळकट्या नि पाण्याची सुरई सांभाळत फलाट बदलून छोट्या गाडीत बसायचं. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हा कुर्डुवाडी-बार्शी तुकडा सुरू केला. पुढे ही लाईन पंढरपूर, लातूर करत 1927 मध्ये मिरजेला टेकली. या कॅलथ्रॉपने नंतरच्या आयुष्यात विमानातून उडी मारायची पॅराशूट तयार केली. बार्शी लाईटमधून चालत्या गाडीतून निवांत उतरणारी माणसं बघूनच त्याला ते सुचलं, असा माझा एक बिनबुडाचा सिद्धान्त आहे.

हौस म्हणाल तर कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं तेव्हाच लागली होती. पण तिथे एक अख्खं शहर चालतं. मला एक स्टेशन हवं होतं, तेही दुपारी दोनचं, पेंगुळलेलं.

मॉडेलवाल्यांत सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. त्यात आपल्या ब्रॉडगेजची पंचाईत होते. बाजारात मिळणाऱ्या दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, ते युरोपातल्या रुळांच्या मापाने बेतलेलं. आपल्या 1676 मिलिमीटरला 19 हून थोडं जास्तच लागेल. त्यामुळे त्या रुळांवर आपलं मोठं इंजिन पैलवानाने पोराच्या चपला घातल्यासारखं दिसतं. बार्शी लाईटचे रूळ मात्र अडीच फुटांचे असायचे, म्हणजे 762 मिलिमीटर. भागिले 87 केलं की पावणेनऊच्या आसपास येतं, आणि 9 मिलिमीटरचा रूळ कुठेही मिळतो. शिवाय ऑस्ट्रियातल्या डोंगरी गाड्या 760 मिलिमीटरच्या. आमच्या बार्शीची सख्खी मावसबहीण आल्प्समध्ये निघावी, तीही फक्त दोन मिलिमीटरच्या फरकाने! तेव्हा एक जुनं ऑस्ट्रियन इंजिन मागवलं आणि त्याचं बारसं कुर्डुवाडीत केलं.

आलं तेव्हा ते नवरदेवासारखं चकचकीत होतं. ते मळवण्यात माझे तीन आठवडे गेले. चिमणीभोवती काजळी लावणं सोपं, चाकांवर गंज आणणंही फार अवघड नाही. पण बॉयलरच्या अंगावरून खाली ओघळलेल्या त्या पांढऱ्या रेघा? आपल्याकडचं पाणी जड, वाफेबरोबर बाहेर पडलेला क्षार वाळून तसाच अंगावर राहतो. या रेघा नसतील तर इंजिन कधी पाण्याला लागलंच नाही असं वाटतं. एका केसाच्या ब्रशने त्या ओढताना मी श्वास रोखून धरायचो. एक रेघ जाड झाली, ती तशीच राहू दिली. तिथे व्हॉल्व्ह गळत असणार.

कोळशाचं तर विचारू नका. काळ्या रंगाचे प्लास्टिकचे दाणे मिळतात, ते काळी मोहरी दिसतात. कोळसा कोळशासारखा दिसायला कोळसाच लागतो, तोही दगडी. लोणारी कोळसा मऊ, त्याला चमक नाही. चंद्रपूरच्या मेहुण्याने दिवाळीला येताना मुठीएवढा खडा आणला. (फराळाच्या डब्यात! चकलीला वास लागला तो वेगळाच विषय.) तो खलबत्त्यात कुटला, आणि त्या दिवसापासून खलबत्ताही माझ्या नावावर जमा झाला. खडीसाठी वाळू पसरून तिच्यावर पातळ केलेला फेव्हिकॉल थेंबथेंब सोडायचा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, नाहीतर डिंक वाळूत न मुरता मोत्यासारखा वरच बसतो. जमिनीला चहाचा वाळवलेला चोथा. सोलापूरकडच्या काळ्या मातीला याहून जवळचा रंग मला अजून मिळालेला नाही.

इथवर सगळं मनासारखं झालं. अडलं ते धुरापाशी.

चिमणीत एक बारीकशी तापणारी तार बसवतात, वरून तेलाचे दोन-तीन थेंब सोडतात, तार तापली की तेलाचा धूर होतो. तेल जास्त पडलं तर धूर येतच नाही, संपलं तर तार जळते. म्हणजे फायरमनइतकंच लक्ष ठेवावं लागतं. पण येणारा धूर असतो कपातल्या चहाच्या वाफेसारखा, लाजत लाजत वर जाणारा. खऱ्या इंजिनात सिलिंडरमधली वापरलेली वाफ जोराने चिमणीतून बाहेर फेकली जाते, तो ‘भक्’ असा आवाज तिचाच. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार भक्. डबा लहान होतो, माणूस लहान होतो, बाभळीचं झाडसुद्धा वाळक्या फुलांच्या काडीतून होतं. धूर मात्र सत्त्याऐंशी पट लहान व्हायला तयार नाही. पाणीही तसंच. फलाटावरच्या नळातून एक खरा थेंब सोडून पाहिला, तो टपाल पेटीएवढा दिसला.

वासासाठी एकदा उदबत्ती लावून पाहिली. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, “आज चतुर्थी आहे का हो?”

आवाजाची चिप बसवली आहे. भकभक चांगली आहे, चाकाच्या फेऱ्याशी जुळवलेली. शिट्टी मात्र अजून जर्मनच बोलते.

आणि अंतर. कुर्डुवाडी ते बार्शी एकवीस मैल. 1:87 ने ते जवळजवळ 390 मीटर होतात, म्हणजे रूळ दारातून काढून जिन्याने खाली नेऊन सोसायटीभोवती गुंडाळावे लागतील. माझ्याकडे सहा फूट आहेत. ताशी तीस किलोमीटरच्या हिशोबाने गाडी सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर चालवली तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वीस सेकंदांत पोचते. ‘आलं, आलं’ म्हणेपर्यंत गेलं.

हे सगळं परवा धाकट्या मावशीला दाखवलं. बार्शीतच वाढलेली, आता ऐंशीच्या पुढची. खुर्ची जवळ ओढून बसली, चष्मा पुसला. मी सिग्नल पाडला. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावरची घंटा मोबाइलवर वाजवली. वळणावरून इंजिन आलं, शिट्टी झाली, चिमणीतून चहाची वाफ निघाली. मावशीचा हात आपोआप पदराकडे गेला आणि पदर डोळ्यांवर. कोळशाचा कण जायला नको. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती खुदकन हसली.

गाडी स्टेशनात थांबली, सुटली, दुसऱ्या टोकाला गेली.

“झालं?” मावशी म्हणाली.

“झालं.”

“एवढ्यात? अरे, मग कसली बार्शी लाईट ही! आम्ही दशम्या खाऊन, पत्ते खेळून, भांडून पुन्हा बोलायला लागायचो तरी ती हलायची नाही.”

मी दोन वर्षं क्षाराच्या रेघा ओढत बसलो होतो.

गाडी परत आणली. या वेळी स्टेशनाच्या अलीकडे, बाभळीच्या काड्यांपाशी, सिग्नलबाहेर उभी केली आणि कंट्रोलर खाली ठेवला. चिपमध्ये उभ्या इंजिनाचा आवाज आहे, मधूनच एक सुस्कारा सोडल्यासारखा. तो मी आजवर कधी ऐकलाच नव्हता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खिडकीतून ऊन आत आलं ते डब्यांच्या टपावरून सरकत चोथ्याच्या शेतावर उतरलं. धुराचं तेल संपत आलं म्हणून तार बंद केली, आणि धुराविना काही बिघडलं असं वाटलं नाही.

ही चहा घेऊन आली. गाडीकडे बघून म्हणाली, “बंद पडली का हो?”

मावशीने कमरेची चंची सोडली होती. अडकित्त्यात सुपारी धरत, मान वर न करता ती म्हणाली, “क्रॉसिंग असेल गं.”