आमची वाटचाल : ॲसिटिलीनच्या ज्योतीवरचं काम

वडिलांनी गोव्यात फोंडा तालुक्यात गॅस वेल्डिंगचं दुकान घातलं तेव्हा मुख्य काम मांडवी-जुवारी नद्यांवरच्या बार्जींचं, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींचं. सिलिंडर सहज मिळत नसत, म्हणून गॅस दुकानातच तयार व्हायचा. जनरेटरमध्ये कॅल्शियम कार्बाइडचे खडे, त्यावर पाणी, की ॲसिटिलीन सुटायचा. एका किलोतून साधारण 300 लिटर. खाली उरायचा चुन्याचा रबडा; तो शेजारी भिंतींना लावायला न्यायचे. दुकानात लसणासारखा वास असायचा. तो ॲसिटिलीनचा नव्हे, कार्बाइडमधल्या अशुद्धींतून येणाऱ्या फॉस्फिनचा.

हा वायू 1836 मध्ये एडमंड डेव्हीला सापडला. 1862 मध्ये वोलरने तो कार्बाइड आणि पाण्यापासून काढला, आणि आमच्या जनरेटरचं रसायन तेच. दोन कार्बन, दोन हायड्रोजन, कार्बनांमध्ये तिहेरी बंध. ऑक्सिजनबरोबर ज्योत 3100 अंशांच्या वर जाते ती यामुळेच. पण याच बंधामुळे तो नुसता दाबला तर हवेशिवायही फुटू शकतो. म्हणून सिलिंडर पोकळ नसतो. आत सच्छिद्र भराव, त्यात ॲसिटोन, आणि ॲसिटोनमध्ये विरघळलेला वायू. सिलिंडर आडवा ठेवून वापरला तर ॲसिटोन टॉर्चपर्यंत, म्हणजे ज्योत निघते त्या हत्यारापर्यंत, येतो. आमच्याकडे तो उभा, साखळीने बांधलेला असतो. गॅसच्या लाइनला तांब्याची नळी लावू देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो. तांब्याशी संयोग होऊन बनणारं ॲसिटिलाइड वाळलं की नुसत्या ठोक्यानेही फुटतं.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि बार्जींचं काम जवळजवळ आटलं. मग ट्रॉलर, गेटं, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतली कामं धरली. कटिंगसाठी एलपीजी घेतला, तो स्वस्त पडतो. पातळ पत्र्याचं गॅस वेल्डिंग मात्र आजही ॲसिटिलीनवरच. एलपीजीच्या ज्योतीला पोलादाचा जोड नीट येत नाही.

जनरेटर केव्हाच काढला, तरी आंब्याच्या मोसमात कुणीतरी कार्बाइड विचारायला येतंच. आम्ही देत नाही. फळं त्याने पिकवण्यावर बंदी आहे, आणि त्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात. मानकुराद आंबा गवताच्या अढीत घातला की आपसूक पिकतो, हे आम्ही त्यांना सांगतो.

सध्या दुकानात तीन पोरं शिकतात. टॉर्च हातात देण्याआधी त्यांना साबणाच्या फेसाने गळती तपासायला शिकवतो.