आमची वाटचाल : तूर हिवाळ्यात येते, डाळ वर्षभर लागते

उदगीरला आमची छोटी डाळमिल आहे. उदगीर, देगलूर, अहमदपूर, निलंगा या भागातल्या किराणा दुकानांना आम्ही तूरडाळ पोचवतो. वडिलांची आडत होती, त्यामुळं मालाची पारख घरातच मिळाली. पण सौद्यातल्या पोत्यापासून दुकानातल्या वजनकाट्यापर्यंत मालाचा हिशोब कसा बांधायचा, हे आम्ही मिल चालवताना शिकलो. मिल टिकली ती त्यामुळंच, असं मी ठामपणे सांगतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका प्रशिक्षणातल्या खेळानं. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत तयार झालेला हा खेळ मुळात बिअरच्या खोक्यांवर खेळतात, आम्ही डाळीच्या कट्ट्यांवर खेळलो. एक जण किरकोळ दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक वितरक, एक मिलवाला. आपसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढं सरकवायची. गिऱ्हाइकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ ची ८ होते आणि तिथंच राहते. तरी माल हातात यायला वेळ लागतो म्हणून जो तो धास्तीनं जरा जास्तच मागवतो. मिलवाल्यापर्यंत येता येता मागणी कितीतरी फुगते. मग एकदम सगळ्यांकडं माल येऊन पडतो आणि ऑर्डर बंद! दर दिवाळीला आमच्या गोदामात हेच घडत होतं, कारण मात्र त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून दुकानदाराला ‘किती पाठवू?’ असं विचारणं बंद केलं. ‘दादा, गेल्या आठवड्यात किती विकली आणि आज शिल्लक किती?’ एवढंच विचारतो. काही जण सुरुवातीला आकडा सांगायला कचरत होते. पण वेळेवर आणि ताजा माल मिळायला लागला तसे आता स्वतःहून फोन करतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. तुरीला तेल लावून मुरवायचं, पाणी द्यायचं, वाळवायचं, मगच भरडायचं. कडक ऊन असेल तर चार-पाच दिवसांत डाळ पडते. श्रावणात काही नेम नाही. त्यामुळं पावसाळ्याचा साठा तुरीत न ठेवता डाळीत ठेवायचा, हे आम्ही ठरवून टाकलं. एक क्विंटल तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, त्या हिशोबानं मे महिन्यातच भरड उरकतो.

छापील पिशव्यांचं गणित सोपं आहे. समजा रोज ४०० लागतात आणि छापून यायला १५ दिवस जातात, तर ६,००० झाल्या. वर पाच दिवसांच्या २,००० हाताशी. शिल्लक ८,००० वर आली की ऑर्डर द्यायची, वाट बघायची नाही. मशीनच्या पट्ट्याची किंमत तुरीपुढं काहीच नाही, पण तो तुटला की मिल उभी राहते. म्हणून वस्तूची किंमत आणि तिच्यावाचून होणारी अडचण, दोन्ही वेगवेगळी लिहितो.

गोदामात प्रत्येक थप्पीला तारखेचं कार्ड आहे. आधी आलेला माल आधी बाहेर, नाहीतर मागच्या पोत्यांना भुंगा लागलाच म्हणून समजा. आमचे मुकादम यात माझ्याहून कडक आहेत. जून २०२३ मध्ये केंद्रानं तूर-उडदावर साठामर्यादा लावली, तेव्हा ही कार्डं फार कामी आली. साठ्याचा आकडा विचारला की लगेच सांगता यायचा.

आणि येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळा अमावस्येचा शेतातला सण! त्या दिवशी हमाल, ड्रायव्हर सगळे शेतात. ते तसंच असावं. गाड्या आम्ही दोन दिवस आधी भरतो.

सध्या पेरणीआधी गावोगाव शेतकऱ्यांशी बोलतोय. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा पांढऱ्या तुरीचा वाण लवकर निघतो, बीएसएमआर ७३६ ही लाल तूर तीन-चार आठवडे मागून येते. कुठल्या गावात काय पेरलंय याची वही केली, की सगळी खरेदी एकाच आठवड्यात अंगावर येत नाही आणि शेतकऱ्याचा पैसाही थांबवावा लागत नाही. यंदा ती वही जळकोट तालुक्यापर्यंत न्यायची आहे.