आमची वाटचाल : रॅम खराब नव्हता

शिवाजी उद्यमनगरात दोन्ही बाजूंना लेथ, मध्ये आमचा गाळा. २००९ साली मी आणि माझ्या भागीदाराने तिथे सर्व्हरचं काम सुरू केलं. केव्हीएम, म्हणजे एकाच सर्व्हरमध्ये अनेक आभासी मशीन चालवायची सोय, लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) येऊन दोनच वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात 'एक काम, एक मशीन' हाच रिवाज होता. आमच्या पहिल्या सेकंडहँड सर्व्हरला ईपीटी, म्हणजे आभासी मशीनच्या मेमरीचे पत्ते प्रोसेसरनेच लावायची सोय, नव्हती. सगळं शॅडो पेज टेबलवर, म्हणजे त्या पत्त्यांची नक्कल सॉफ्टवेअरनेच ठेवायची. गेस्टने (आतल्या आभासी मशीनने) पेज टेबलला, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्याला, हात लावला की काम थांबवून होस्टकडे (खऱ्या मशीनकडे) एक्झिट, त्यामुळे टॅलीची एंट्री मारताना कर्सर अडकायचा. पुढे ईपीटी असलेला, नेहालेम पिढीचा इंटेल झिऑन प्रोसेसर घेतला आणि तेच टॅली पळायला लागलं.

भागीदार मूळचा टीव्ही दुरुस्तीवाला. प्रत्येक सर्व्हरच्या सिरियल पोर्टला केबल जोडून कन्सोलचा सगळा लॉग दुसऱ्या मशीनवर उतरवायचा, हा नियम त्याचा. मशीन मरताना जे शेवटचं बोलतं ते त्याच्याच डिस्कवर सापडत नाही, असं तो तेव्हापासून सांगतो. आजही आमच्या बॅगेत दोन मशीनचे सिरियल पोर्ट थेट जोडणारी नल मोडेम केबल असते.

शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले आण्णा आमचे पहिले गिऱ्हाईक. मधली वर्षं नीट गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते २०१६-१७ च्या गळीत हंगामाबद्दल.

जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचा वजनकाटा आमच्या गेस्टवर चालायचा. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, दोन्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. रात्री बॅकअपच्या वेळी या गेस्टची ४ जीबी मेमरी बलूनने (चालू गेस्टची मेमरी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) काढून दुसऱ्या गेस्टला द्यायची आणि पहाटे परत करायची, ही आमची मांडणी कित्येक हंगाम बिनतक्रार चालली. त्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला स्टोरेजचं काम मिळालं. त्यांनी नवीन एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड) बसवलं आणि वेग मिळावा म्हणून ते पासथ्रूने, म्हणजे होस्टला मध्ये न घेता, थेट गेस्टला दिलं. आम्हाला कळवलंसुद्धा नाही.

हंगाम ऐन भरात असताना पावत्या गायब व्हायला लागल्या. रिकाम्या गाडीचं वजन झालेलं, ड्रायव्हरच्या हातात स्लिप, आणि डेटाबेसमध्ये नोंदच नाही. केनयार्डात ट्रॅक्टरच्या रांगा, शेतकरी काट्यावर आलेले. उसाच्या वजनात घोळ म्हणजे आपल्याकडे साधी गोष्ट नाही. पुण्याच्या मंडळींनी रॅम खराब म्हणून सांगितलं. रॅम बदलला, घोळ तसाच. मग त्यांनी मीटिंगमध्ये, आमच्या समोर, 'फुकटच्या सॉफ्टवेअरवर गावठी काम' असे शब्द वापरले. ते शब्द मी विसरलेलो नाही. बातमी गोकुळ शिरगावपर्यंत गेली, दोन-तीन कारखानदारांनी करार थांबवले आणि पगाराचे वांधे झाले.

रॅमचा दोष नव्हता हे मला हेक्सडंपवर (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या यादीवर) पहिल्यांदा दिसलं. रॅम बिघडला तर एखादा बिट उलटतो, आणि ईसीसी (चूक पकडणारा रॅम) असेल तर ईडॅकच्या, म्हणजे मेमरीच्या चुका मोजणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या, काउंटरमध्ये त्याची नोंद होते. आमचे काउंटर शून्यावर होते. पोस्टग्रेसचं पान ८१९२ बाइटचं. बिघडलेल्या पानाचा पहिला अर्धा भाग जसाच्या तसा, आणि पुढचे बरोबर ४०९६ बाइट सगळे शून्य. कॅशे (मेमरीतली तात्पुरती प्रत) रिकामी करून तेच पान पुन्हा वाचलं तर कधी कधी ठीक यायचं! ४०९६ हे मेमरीच्या एका पेजचं माप आहे. चिप बिघडताना पेजच्या रेघा पाळत नाही.

त्या रात्री आण्णांकडे गेलो. त्यांना यातलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, "पोरा, कास्टिंगला ब्लो होल आला तर आम्ही सँड, मेटल, मोल्ड एकदम बदलत न्हाई. एक बदलायचं, ओतायचं, फोडून बघायचं." आणि वर्षाच्या मेंटेनन्सचा चेक आगाऊ काढून दिला.

तसंच केलं. केएसएम (सारखी पेज एकत्र करणारी सोय) बंद, फरक नाही. ट्रान्सपरंट ह्यूजपेज (आपोआप मोठी पेज वापरणारी सोय) बंद, फरक नाही. मग हाताने व्हर्श सेटमेम ही कमांड देऊन मेमरी खाली आणली, परत वर नेली आणि गेस्टमध्ये एका मोठ्या फाइलचा एमडी५ (मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा) काढला. चुकला. कॅशे रिकामी करून परत काढला, तर तिसराच आकडा. बलून न हलवता काढला तर दर वेळी बरोबर. कार्ड काढून डिस्क व्हर्टआयओवर, म्हणजे होस्टमार्फत, दिली, तर बलून हलवूनही बरोबर. दोन्ही एकत्र आले की घोळ.

कारण असं. पासथ्रूमध्ये कार्ड गेस्टच्या मेमरीत थेट डीएमए करतं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता वाचतं-लिहितं, म्हणून व्हीएफआयओ (पासथ्रू सांभाळणारा लिनक्सचा भाग) गेस्टची सगळी पेज पिन करून, म्हणजे जागेवर खिळवून, आयओएमएमयूमध्ये (कार्डाला मेमरीचे पत्ते दाखवणाऱ्या हार्डवेअरमध्ये) त्यांचे पत्ते लिहून ठेवतं. बलून पेज काढून घेतो तेव्हा होस्ट ते गेस्टच्या नकाशातून पुसतो. पहाटे गेस्टने त्याच पत्त्याला हात लावला की ईपीटीमध्ये नवं, शून्यांनी भरलेलं पेज येतं. आयओएमएमयूला याचा पत्ताच नसतो. कार्ड जुन्या पेजमध्ये लिहितं, प्रोसेसर नव्यातून वाचतो. डिस्कवर लिहितानाही कार्ड जुनाच मजकूर उचलतं आणि नवी नोंद हवेत जाते. शिवाय पिन केलेलं पेज सुटतच नाही, म्हणजे बलूनने होस्टची मेमरी मोकळी होण्याऐवजी १६ जीबीच्या गेस्टमागे २० जीबी अडकली होती.

बलून बंद केला, त्या पहाटेपासून एकही पावती हरवली नाही. सगळं लिहून कारखान्याला दिलं. पुढच्या हंगामाचं काम तरीही पुण्याच्या कंपनीला गेलं, आणि आमच्या अहवालातली आकृती त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यांचा 'ऑडिट' म्हणून दाखवली गेली. २०१८ च्या अखेरीस केव्हीएमचे गेस्ट चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमचं ३.१ आलं आणि व्हीएफआयओ कार्ड लागलं की बलून आपोआप अडवला जायला लागला. आम्ही बरोबर होतो हे त्या दिवशी जगाने छापून दिलं, पण त्याचं बिल कोणाला लावणार?

थांबलेल्या करारांपैकी बहुतेक परत आले. २०१९ च्या महापुरात शिरोलीला हायवे बंद असताना आण्णांचे गेस्ट आम्ही गाळ्यातून चालू ठेवले.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या पोरांना सांगतो. रीस्टार्ट करण्याआधी डंप (मेमरीची प्रत) घ्या, पुरावा रीबूटमध्येच मरतो. रॅम बदलायच्या आधी ईडॅक बघा. डेटाबेसच्या गेस्टला २ एमबीची ह्यूजपेज द्या आणि तिथे बलूनचा मोह सोडा. आणि तुमच्या सर्व्हरमध्ये दुसऱ्या कोणी कार्ड बसवलं तर गेस्टची एक्सएमएल (मांडणीची) फाइल त्याच दिवशी उघडून बघा. होस्टडेव्ह (पासथ्रूचं कार्ड) आणि मेमबलून (बलून) दोन्ही दिसले आणि क्यूईएमयू जुनं असेल, तर मेमबलूनचं मॉडेल 'नन' करा. जमत नसेल तर फाइल घेऊन गाळ्यावर या, बघायचे पैसे आम्ही घेत नाही.