एकाच तारखेचे दोन राष्ट्रीय दिवस

मेलबर्नमधल्या मराठी माणसाच्या वाट्याला २६ जानेवारीला भारताचा प्रजासत्ताक दिन आणि ‘ऑस्ट्रेलिया डे’ असे दोन राष्ट्रीय दिवस येतात, पण त्या दोहोंमधील विसंगतीचा विचार आपल्या मंडळींत फारसा होत नाही. भारतात १९३० साली याच तारखेला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली आणि तिची आठवण राहावी म्हणूनच १९५० साली राज्यघटना त्या दिवशी अमलात आली. ऑस्ट्रेलियाचा दिवस ज्या घटनेवर उभा आहे ती मात्र नेमकी उलट आहे. १७८८ साली ११ जहाजांचा ताफा घेऊन आलेल्या कॅप्टन आर्थर फिलिप याने सिडनीत, गडिगल लोकांच्या भूमीवर, ब्रिटिश निशाण रोवले. त्या लोकांशी ना तह झाला, ना त्यांची संमती कोणी विचारली, आणि पुढच्याच वर्षी पसरलेल्या देवीच्या साथीत त्या परिसरातील कितीतरी मूळ रहिवासी दगावले. ही भूमी कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच नव्हती, हे गृहीतक मोडीत निघायला १९९२ सालचा माबो खटल्याचा निकाल यावा लागला.

या दिवसाला ‘आक्रमण दिन’ म्हणणारे लोक अलीकडचे वेड पसरवत आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी १९३८ सालाकडे पाहावे. आगमनाच्या दीडशे वर्षांचा सोहळा सिडनीत चालू असताना विल्यम कूपर, जॅक पॅटन आणि विल्यम फर्ग्युसन या आदिवासी नेत्यांच्या पुढाकाराने त्याच शहरात ‘शोकदिन’ पाळला गेला आणि पूर्ण नागरिकत्वाची मागणी करण्यात आली. त्याच दिवशी फिलिपच्या आगमनाचे जे नाट्य सादर झाले, त्यात दूरच्या मेनिंडीहून आणलेल्या आदिवासी पुरुषांना पळ काढणाऱ्यांची भूमिका करावी लागली. हे वाचताना मला आजही संताप अनावर होतो. उलट, परंपरा म्हणून जिचे गोडवे गायले जातात, ती सर्व राज्यांत २६ तारखेलाच सुट्टी देण्याची पद्धत केवळ १९९४ पासूनची आहे.

ऑस्ट्रेलिया डेची तारीख बदलावी का, याबाबत आदिवासी समाजातही एकमत नाही. सिनेटर जसिंटा नम्पिजिन्पा प्राइस यांचा तारीख बदलण्यास विरोध आहे, तर काहींना आधी तह हवा आहे. तारीख बदलल्याने जमिनी परत मिळणार नाहीत, हेही खरे. तरीही ज्या दिवशी देशातील पहिल्या रहिवाशांवर परक्यांची सत्ता लादली गेली, तो सर्वांच्या आनंदाचा दिवस ठरवणे मला अन्यायाचे वाटते. आणि त्याच साम्राज्याविरुद्ध लढलेल्यांची मुले-नातवंडे असलेल्या आपण तरी याबाबत तटस्थ राहू नये.

नागरिकत्वाची शपथ घेणाऱ्यांत भारतीय मोठ्या संख्येने असतात. २०१७ साली मेलबर्नमधल्या यारा आणि डेअरबिन या नगरपालिकांनी २६ तारखेचा शपथविधी बंद केला, तेव्हा केंद्र सरकारने त्यांचा तो अधिकारच काढून घेतला होता. २०२२ च्या अखेरीस नियम बदलला आणि आता हा समारंभ २६ तारखेच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतही घेता येतो. ज्यांची शपथ अद्याप व्हायची आहे, त्यांनी आपल्या नगरपालिकेकडे दुसऱ्या दिवसाची लेखी मागणी करावी, आणि मराठी मंडळांनी झेंडावंदनासाठी जमलेल्या लोकांना या सवलतीची माहिती द्यावी.