व्हेलॉसिटी सोडून सायकल टाइम मोजताना

सॉफ्टवेअर टीमचं काम मोजायचं म्हटलं की पहिला हात व्हेलॉसिटीवर पडतो. आमचाही पडला. व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात) पूर्ण झालेल्या स्टोरी पॉइंटची, म्हणजे प्रत्येक कामाला (स्टोरीला) त्याच्या आकारावरून दिलेल्या गुणांची बेरीज, हिशेब सोपा. पण वरून 'पुढच्या तिमाहीत व्हेलॉसिटी वाढवा' असं आलं की तीनच्या स्टोरीला पाच आणि पाचच्या स्टोरीला आठ पॉइंट पडायला लागतात. आकडा चढतो, काम तेवढंच राहतं. पॉइंट म्हणजे टीमचा आपसातला अंदाज; त्यावरून दोन टीमची तुलना होत नाही. 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये (स्प्रिंटने काम करण्याच्या स्क्रम पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत) तर व्हेलॉसिटी हा शब्दच नाही, पण मॅनेजरांना ते पटवणं कठीण.

म्हणून सायकल टाइम घेतला: टिकीट (एका कामाची नोंद) कामांच्या बोर्डवरच्या 'काम सुरू' रकान्यात गेल्यापासून प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, पोचेपर्यंतचे दिवस. सुरुवात आणि शेवट कुठे धरायचा हे आधी लिहून ठेवावं. क्यूए (चाचणी) झालं की संपलं असं धरलं, तर रिलीजची वाट बघण्यात गेलेले दिवस हिशेबातून गायब होतात. शनिवार-रविवारही मोजले, कारण वापरणारा माणूस कॅलेंडरच बघतो. टिकीट क्यूएकडून परत आलं तरी पहिलीच तारीख कायम ठेवायची. काही टूल ती गुपचूप नवी करतात. आणि बोर्ड रोज हलवला नाही, सगळी टिकिटं स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी एकदम सरकवली, तर सगळा डेटा रद्दी.

काम कधी होईल याचा वायदा सरासरीवर करू नये. एखादं टिकीट 45 दिवस अडकलं की ती फुगते. शेवटची 40 टिकिटं चढत्या क्रमाने लावायची आणि 34 व्या जागेवरचा आकडा घ्यायचा. तो 85 वा पर्सेंटाइल, म्हणजे 85 टक्के टिकिटं तेवढ्या किंवा त्याहून कमी दिवसांत संपली. समजा तो 11 आला. मग बोर्डवरचं एखादं टिकीट आठ-नऊ दिवसांचं झालं की स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) त्याच्यापासूनच सुरू करायचा. 'काल काय केलं, आज काय करणार' ही हजेरी आपोआप बंद पडते.

दिवस कमी कसे करायचे? इथे लिटलचा नियम कामाला येतो, आणि यात मात्र सरासरीच चालते: सरासरी सायकल टाइम म्हणजे हातातली कामं भागिले रोज पूर्ण होणारी कामं. 18 टिकिटं उघडी आणि रोज दीड पूर्ण होत असेल, तर 12 दिवस. पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून उघडी टिकिटं नऊवर आणली, तर सहा. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये याची सिद्धता दिली. कामांची आवक-जावक साधारण सारखी असेल तरच तो लागू पडतो. सहकाऱ्याने कोड तपासायचा बाकी असलेल्या टिकिटांसाठी 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत' असा वेगळा रकाना काढून त्याला तीनची मर्यादा घातली, तेव्हा खरी गर्दी कुठे होती ते दिसलं. मर्यादा भरली की नवं टिकीट उचलायचं नाही, दुसऱ्याचा रिव्ह्यू करायचा. यावर पहिले दोन आठवडे कुरकुर होतेच.

नुसता वेग बघितला तर चाचण्या गाळल्या जातात. म्हणून शेजारी दुसरा आकडा हवा: किती डिप्लॉयमेंटनंतर (बदल प्रॉडक्शनवर नेल्यावर) रोलबॅक (बदल मागे घेणं) किंवा हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) करावा लागला. 20 मध्ये तीन म्हणजे 15 टक्के. हे आकडे टीमचे म्हणूनच ठेवायचे; ते माणसागणिक अप्रेझलमध्ये गेले की लोक अवघड टिकिटाला हात लावत नाहीत.